परके हात

सरोजा हावळ रोज सकाळी डबा भरून परदेशी जायची आणि संध्याकाळी येताना मेथीची जुडी घेऊन यायची. इचलकरंजीतल्या तिच्या गल्लीला याचं नवल राहिलं नव्हतं, कारण गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करत होत्या. पासपोर्ट नाही, विमान नाही, निरोपाची रडारड नाही. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या जागी ‘हस्तसेतू’ नावाचं केंद्र उघडलं होतं. तिथं जायचं, खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि हातांत मोजे घालायचे. मोजे घातले की हात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कापड कारखान्यात पोचायचे. उरलेली सरोजा इथंच खुर्चीत बसून राहायची.

ही किमया कशी घडली ते सांगायला हवं. यंत्रांना तोवर बरंच काही येऊ लागलं होतं. ती रोग ओळखत, कोर्टाचे कागद लिहीत, लग्नंसुद्धा जमवून देत. पण मागावर एखादी तार तुटली की त्यांची फजिती व्हायची. हजारो उभ्या धाग्यांतून नेमका तुटलेला शोधायचा, त्याचं टोक चिमटीत धरायचं, गाठ मारायची, आणि ती गाठ कापडात दिसता कामा नये. हे बोटांचं काम. शेवटी शास्त्रज्ञांनी यंत्राला शिकवायचा नाद सोडला आणि माणसाचीच बोटं लांबवली. मागाच्या वर रुळावरून सरकणारे दोन लोखंडी हात बसवले आणि त्यांच्या बोटांना दाब अन् ऊब ओळखणारी कातडी चढवली. त्या कातडीला जे जाणवेल ते काचेच्या तंतूंतून प्रकाश होऊन धावत येई आणि मोज्याच्या आत, बोटांच्या पेरांना टेकलेले मोहरीएवढे फुगे तसतसे फुगत. सूत सुतासारखं लागे आणि गार लोखंड गार लागे.

प्रकाश कितीही चपळ असला तरी समुद्र ओलांडायला त्यालाही वेळ लागतोच. सरोजाचं बोट हलणं आणि लोखंडी बोट हलणं यांत पापणी लवेल एवढी फट राहायची. बायका तिला ‘उचकी’ म्हणत. शिकवणीच्या वेळी केंद्रातल्या केतकी मॅडमनी कौतुकानं सांगितलं होतं, "उचकी जाणवली की समजायचं, आपला हात लांबच्या गावाला पोचला." देशादेशांत मुक्त सेवा करार झाला होता, आणि आता कांदा-कापसासारखे हातही विनाजकात इकडून तिकडे जात होते.

चष्म्यातल्या चित्रावर मात्र पडदा असायचा. परदेशी मालकाच्या गुपितासाठी, म्हणे. भिंती पांढऱ्याफेक दिसायच्या, अक्षरं पुसलेली असायची, आवाज बंद. माग आणि धागा तेवढा स्वच्छ दिसे. मध्ये काही आलं, ढकलगाडी असो, गठ्ठा असो, की तिथं नुसता राखाडी ढग दिसे आणि त्याच्याखाली शब्द उमटे: अडथळा. मग अंगठा करंगळीला टेकवायचा. तो ‘हटवा’चा हुकूम. लोखंडी हात ताठ होई आणि समोरचं बाजूला लोटून देई. हा पडदा डोळ्यांपुरता होता. स्पर्शावर पडदा घालायला गेलं तर गाठी चुकत, म्हणून स्पर्श होता तसाच सोडला होता.

सरोजाचा नवरा मल्हारी शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात मागवाला होता. होता म्हणजे गेल्या उन्हाळ्यापर्यंत होता. एके दिवशी मालकानं फाटक बंद केलं, आत लोखंडी हात बसवले आणि बाहेर पाटी लावली की येथील काम आयात सेवेतून चालते. माग तेच, युरोपातल्या बंद पडलेल्या गिरण्यांतून जुन्या भावात आणलेले. फक्त माणसं रस्त्यावर. तेव्हापासून मल्हारी आणि त्याचे सोबती फाटकासमोर पत्र्याच्या मांडवात धरणं धरून बसले होते. त्यांचं एकच मागणं होतं, आमच्या मागावर आम्हाला घ्या.

आता गंमत बघा. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या, एकाच परातीतली भाकरी खात होत्या, आणि त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सरोजा परक्यांच्या मागावर, आणि मल्हारीच्या मागावर परके. जग सध्या असंच चाललंय, असं दोघांनी धरून घेतलं होतं.

"कुठल्या देशाची असतील हो ती माणसं?" सरोजानं एकदा विचारलं होतं.

"कुठली का असंनात. आमच्या ताटातलं ओढत्यात मेली."

"त्यांच्या बी घरात पोटं असतीलच की."

मल्हारीनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं मुकाट्यानं भाकरी उलटली. आपण ज्या मागावर बसतो तिथला आधीचा माणूस कुठं गेला असेल, हा प्रश्न तेव्हा तिच्या मनात येऊन गेला होता. शिकवणीत सांगितलं होतं की तिकडं म्हातारी माणसं फार आणि तरुणांना मागाचं काम नको असतं. ते ऐकून तिला हायसं वाटलं होतं. हायसं वाटलं म्हणून पुढचं विचारायचं राहून गेलं.

मल्हारीला ऐकू कमी येई. मागाच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसांचे कान असेच जातात. कारखान्यात कुणी ओरडून बोलत नसे, सगळं हातवाऱ्यांनी चाले. तार तुटली, चहा आला, साहेब आला, प्रत्येकाला खूण होती. प्रत्येक माणसालाही खूण होती. शेजारच्या मागावरच्या इब्राहिमला दाढीवर हात, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला पोटावर हात. मल्हारीनं ही बोली घरी आणली आणि बायकोलाही तिची खूण दिली: डाव्या हातानं उजव्या मनगटावर दोन टिचक्या. सरोजा डावखुरी, म्हणून डावा हात, आणि मनगटावर बांगड्या, म्हणून बायको. चार माणसांत बसलेला मल्हारी लांबूनच दोन टिचक्या मारायचा आणि सरोजा पाण्याचा तांब्या घेऊन यायची.

धरणं सुरू होऊन काही दिवस झाले होते. सरोजा मागावर होती. तार जोडून झाली, माग सुरू करायचा तर समोर राखाडी ढग उभा. अडथळा. तो हलेना. सरोजानं जरा वाट बघितली, मग अंगठा करंगळीला टेकवला. लोखंडी हात पुढं गेला. तळव्याला काहीतरी मऊ लागलं, एक गोल बारीक टिकली लागली, आणि किंचित ऊब. सुताचा गठ्ठा उन्हातून आला असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. ढग एका बाजूला कोसळला. सरोजानं माग सुरू केला.

त्या संध्याकाळी मल्हारी घरी आला तो बरगड्या धरून. तो एकटाच मागच्या भिंतीवरून कारखान्यात शिरला होता, आपला माग नुसता बघायला.

"हात लावला न्हाई गं मी कशाला. उभा हुतो. त्या परक्याच्या हातानं मला पोत्यागत फेकलं. माग बंद हुता म्हणून बरं. चालू असता तर आत वडलं असतं मला."

सरोजानं हळद गरम करून बरगड्यांवर लावली. त्या परक्या हाताला तिनं तोंडभर शिव्याही घातल्या. मल्हारीला बरं वाटावं म्हणून चार जास्तच घातल्या.

मग तो दिवस उजाडला. सरोजाच्या मागाची वीज पहिल्यांदाच गेली. अशा वेळी दांडा धरून माग हातानं फिरवून जागेवर आणावा लागतो. तो दांडा मागाच्या मागल्या अंगाला असतो, डोळ्यांना दिसत नाही, चाचपून धरायचा. सरोजानं डावा हात मागं घातला. बोटांना लोखंड लागायला हवं होतं. लागलं कापड.

जाड, घट्ट शिवलेलं कापड. गोधडीसारखे टाके, एकाला एक लागून. सरोजा थबकली. टाके उलट्या बाजूला कलले होते. डावखुऱ्या बाईनं शिवलं तरच टाका असा कलतो. तिनं बोट पुढं सरकवलं. मध्यावर टाके एकदम जाड झाले होते, कारण तिथं दोरा संपला होता आणि पुढं दुहेरी दोरा घातला होता. हे तिला कसं माहीत होतं? तिला हेही माहीत होतं की आणखी दोन बोटं पुढं गेलं की कापडाखाली काहीतरी कडक लागेल. ती बोट पुढं न्यायला घाबरली. पण मागावर बसलेल्या बाईची बोटं सवयीनं चालतात, ती पुढं गेलीच. लागलं. लांबट, गाठीगाठीचं, एका टोकाला वाकडं.

हळकुंड होतं ते.

फाटक बंद व्हायच्या आधीच्या खंडेनवमीला कारखान्यातले माग थांबवून, धुऊन-पुसून त्यांची पूजा झाली होती. घरची माणसंही गेली होती. मल्हारीचं एक बोट मागानं अर्धं नेलं होतं आणि तळव्याला दांड्यानं घट्टे पडले होते, म्हणून सरोजानं आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवून नेली होती. विणकरांच्या चौंडेश्वरी देवीपुढं ठेवलेलं हळकुंड तिनं आत शिवलं होतं, आईनं या हातांना सांभाळावं म्हणून. दांड्यावर ती खोळ तिनं स्वतः चढवली होती आणि मल्हारी सगळ्यांदेखत लाजला होता.

हा मल्हारीचा माग होता. समुद्र नव्हता, परदेश नव्हता, तिकडची म्हातारी माणसंही नव्हती. तिचे हात इतके दिवस शहराबाहेरच्या त्या फाटकाच्या आत होते आणि फाटकाच्या बाहेर तिचा नवरा बसला होता. आणि मग तिला ती गोल टिकली आठवली. सदऱ्याचं बटण होतं ते. ऊब उन्हाची नव्हती. तिनं मोजे ओरबाडून काढले, मोरीवर गेली आणि ओकली.

केतकी मॅडमनी तिला आपल्या काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मॅडम वाईट नव्हत्या. सांगलीहून रोज बसनं येत आणि बायकांच्या मुलांच्या वाढदिवसाला चॉकलेटं आणत.

"मॅडम, माझा माग इथलाच हाय. इचलकरंजीतला."

केतकीनं दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमचा हात खरंच समुद्रापलीकडे जातो. उचकी खोटी नाही. तिथल्या एका बंदरात कंपनीचं यंत्र आहे, तिथे पोचतो आणि तिथून परत येतो."

"परत कशापायी?"

"करारात असं आहे की काम शेवटी ज्या देशातल्या यंत्रातून निघालं, त्या देशाचं धरायचं. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं ती आयात. आयातीला इथले कामगार कायदे लागत नाहीत. तिथले तुम्हाला लागत नाहीत, कारण तुम्ही तिथे नाही."

"मग मी हाय तरी कुठं?"

केतकी टेबलावरचा पेला उगाच सरळ करत राहिली.

"आणि बाकीच्या बायका? त्यांचे माग?"

"नाही नाही, त्यांचे हात बाहेरच जातात," केतकी घाईनं म्हणाली. "तुमचा एकटीचाच मार्ग असा पडलाय. कुणाला बोलू नका ताई. बोललात तर तुमच्या खुर्चीवर दुसरी बसेल, एवढंच होईल."

सरोजानं ते खरं मानलं. एवढं भयंकर काहीतरी आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय असं मानणं त्या वेळी तिला सोपं गेलं.

घरी मल्हारी उत्साहात होता. इतक्या दिवसांत त्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता.

"उद्या दुपारी घुसणार आमी," जेवता जेवता तो म्हणाला. "समदे येकदम. ज्यानं त्यानं आपापल्या मागाशी जायचं आन् ते हात फोडायचं. पहारी ठेवल्यात जमवून."

"नका जाऊ," सरोजा म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही असं वाटून तिनं हातानंही तेच सांगितलं.

"का?"

"ते हात ढकलत्यात. माग चालू असला तर?"

"समदे येकदम गेलो तर किती जणांस्नी ढकलतील? आन् ती काय माणसं हायत व्हय? नुसतं हात. हात तोडलं म्हणून कुणी रक्त सांडत न्हाई."

"तुमच्या दांड्याला मी खोळ शिवली हुती..."

"ती बी गेली त्या परक्याच्या हातात," तो म्हणाला. "रोज त्यावर हात ठेवत असंल मेला."

त्या क्षणी ती सांगणार होती. शब्द अगदी जिभेवर होते. पण मल्हारीनं पाट सरकवताना बरगडी धरली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि ती ताटं उचलू लागली. त्या लोखंडी हातांकडं तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर आपल्याकडं वळली तर घरात राहायचं कसं, एवढीच भीती तिच्या मनात होती. ती भित्री ठरली, आणि ते तिला त्याच वेळी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. कामावर न जाणं तिच्या हातात होतं, पण केतकीचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिच्या खुर्चीवर दुसरी बसेल. त्या दुसरीला काय माहीत समोरचा राखाडी ढग कोण आहे? ती अंगठा करंगळीला टेकवेल, आणि माग चालू असेल. मल्हारीच्या मागावर आज कुणाचे हात असायला हवेत, तर ते आपलेच.

शेजारच्या खुर्चीत शमशाद बसली. इब्राहिमची बायको, गल्लीतली तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण. "काय गं, चेहरा का उतरला? रात्री झोपली नाही?" तिनं विचारलं. सरोजानं मोजे चढवले.

जेवणाची सुट्टी झाली, बायका परत बसल्या, तारा तुटल्या, जोडल्या. सरोजा माग फार वेळ चालू ठेवत नव्हती. काही ना काही निमित्त काढून बंद करत होती. चष्म्यात वेग कमी असल्याची लाल खूण लुकलुकत होती, ती तिनं बघितलीच नाही.

मग ढग आला. डाव्या बाजूनं आला आणि समोर उभा राहिला. खाली शब्द उमटला: अडथळा.

सरोजानं माग थांबवला. ढगातून एक लांब राखाडी पट्टा वर गेला. पहार. तिनं दोन्ही लोखंडी हात वर केले. उचकीएवढा वेळ गेला. तेवढ्यात पहार डाव्या हातावर बसली आणि मोज्यातले सगळे फुगे एकदम दाबले गेले. कळ खांद्यापर्यंत गेली. राखाडी पट्टा पुन्हा वर गेला.

सरोजानं डावा हात उजव्या मनगटावर नेला. लोखंडाच्या मनगटावर लोखंडाच्या बोटांनी दोन टिचक्या मारल्या.

पट्टा वरच राहिला.

तिनं पुन्हा मारल्या. दोन. मग चार बोटं जुळवून ती तोंडाच्या जागी, जिथं तोंड नव्हतं तिथं नेली. जेवलात का? गेल्या कित्येक वर्षांत ही खूण तिनं रोज केली होती, आणि आत्ता तिला दुसरं काही सुचलं नाही.

समोर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांना तो अजूनही राखाडीच होता. पट्टा हळूहळू खाली आला, जमिनीकडं गेला, नाहीसा झाला. मग तिच्या डाव्या तळव्यात काहीतरी आलं. ऊब होती. एक अंगठा, एक अर्धंच बोट, आणि तीन पुरी. ते अर्धं बोट जिथं संपत होतं तिथला गुळगुळीत वण तिला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. मल्हारीचा हात. त्यानं तिच्या लोखंडी मनगटावर दोन टिचक्या मारल्या आणि थांबला. विचारत होता.

सरोजानं त्याची बोटं मिटून धरली. हो. मीच. चष्म्याच्या आत तिचे डोळे भरून वाहू लागले आणि पुसायला हात नव्हते. तिचे हात तिकडं होते.

तेवढ्यात शेजारून वैतागलेला आवाज आला. अगदी जवळून, खऱ्या कानांत.

"या अल्ला, आज काय झालंय? माझ्यासमोर पण एक अडथळा येऊन उभा राहिला. हटवते थांब."

सरोजाला आधी ते समजलंच नाही. शमशादचा माग परदेशात होता ना? केतकी तसंच म्हणाली होती. समदे येकदम, मल्हारी म्हणाला होता. ज्यानं त्यानं आपापल्या मागाशी.

तिनं मोजे उपटले. तिकडं मल्हारीच्या हातातला लोखंडी हात मेल्यासारखा ढिला पडला असणार, पण तो विचार करायला वेळ नव्हता. चष्मा फेकून ती शमशादवर पडली आणि तिच्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मध्ये आपली मूठ खुपसली.

"भाभी, हात थांबीव. त्यो इब्राहिमभाई हाय."

"कोण?" चष्म्याआडून शमशादनं विचारलं. "कुठं?"

सरोजानं मान वर केली. चित्रपटगृहाच्या त्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी होत्या. प्रत्येक खुर्चीत तिच्या गल्लीतली, शेजारच्या गल्लीतली एकेक बाई डोळे झाकून बसली होती आणि हवेत हात हलवत होती. सगळ्यांचे चेहरे आज सारखेच त्रासलेले होते. सगळ्यांच्याच कामात काहीतरी आड आलं होतं. सरोजानं ओरडायला तोंड उघडलं.

मागच्या ओळीतून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

"माझा हटला बाई एकदाचा."